लेखक मंडळात दर महिन्याला पाहुणा: खेड्यात हा कार्यक्रम कसा बसवायचा

तालुक्याच्या गावी किंवा त्याहून लहान गावात लिहिणारी आठ-दहा माणसं एकत्र बसू लागली की तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत एक अडचण येते. सगळ्यांच्या कविता सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. कोण कुठे 'वा' म्हणणार, तेही ठरून जातं. अशा वेळी बाहेरचं माणूस महिन्यातून एकदा आणणं फार उपयोगी पडतं. पण आपल्याकडे पाहुणा म्हटलं की मंच, हार, शाल-श्रीफळ, पाच जणांची भाषणं आणि शेवटी लांबलचक आभार हेच डोळ्यापुढे येतं. दोन-तीन महिन्यांत पैसा आणि उत्साह दोन्ही संपतात.

म्हणून एकच कसोटी धरा: पाहुणा गेल्यावर आपल्यापैकी कोणी काही नवं लिहील का, किंवा जुनं लिहिलेलं दुरुस्त करील का? पुढचं सगळं या कसोटीवरून ठरतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मंडळात जे टिकलं ते इथे सांगतोय. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या धानाच्या भागात, काय बदलावं लागेल, तेही जागोजागी सांगेन.

आधी स्वतःचं काय अडलंय ते पाहा

कोणालाही फोन लावण्याआधी एक बैठक फक्त यासाठी ठेवा. प्रत्येकानं आपलं कुठं अडतं ते एका वाक्यात सांगायचं. "संवाद खोटे वाटतात." "कथा सुरू होते, पण संपत नाही." "कविता कुठे पाठवायची ते माहीत नाही." "वऱ्हाडीत लिहावं वाटते, पण शब्द कसा लिहायचा ते समजत नाही." हे सगळं वहीत उतरवा. तुमच्या पुढच्या सहा महिन्यांची पाहुण्यांची यादी इथूनच निघते.

विषयही यातूनच ठरवा. 'ग्रामीण साहित्य: काल, आज आणि उद्या' असा विषय दिला की पाहुणा तासभर बोलेल आणि कोणाच्याच हाती काही लागणार नाही. त्याऐवजी त्याला नेमका प्रश्न द्या: "निवेदन प्रमाण मराठीत आणि पात्रांचं बोलणं वऱ्हाडीत, ही जुळणी तुम्ही कशी करता? एखादं पान सोबत आणून दाखवाल का?" असा प्रश्न मिळाला की जाणता लेखक खुश होतो, कारण हे त्याला कोणी विचारतच नाही.

दिवस, वेळ आणि जागा

दिवस एकदा ठरला की बदलू नका. 'दुसरा रविवार' असं पक्कं झालं की पत्रिकेचीही गरज राहत नाही. फक्त तो आठवडी बाजाराचा दिवस नको. गावाचा बाजार कुठल्या वारी, आणि आसपासच्या ज्या गावांतून सदस्य येतात त्यांचा कुठल्या वारी, दोन्ही तपासा.

वेळ ठरवताना दोन गोष्टी धरा: एसटी आणि घरातल्या बायांचं काम. दुपारी तीन ते पाच ही वेळ पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सगळ्यांना जमते. जेवणं झालेली असतात, संध्याकाळचं दूध आणि स्वयंपाक अजून लांब असतो. लांबचा पाहुणाही शेवटच्या गाडीनं परतू शकतो. रात्रीचा कार्यक्रम ठेवला की बाया येत नाहीत, मुक्कामी गाडीवर अवलंबून असणारा पाहुणा अडकतो आणि त्याची सोय कुणाच्या तरी घरी लावावी लागते. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी कोणालाच बोलावू नका. ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं तेव्हा संध्याकाळी साडेसहानंतर शाळेच्या पटांगणात बसावं. त्या महिन्यात पाहुणा गावातलाच किंवा स्वतःच्या वाहनानं येणारा निवडावा.

कार्यक्रम शेतीच्या हंगामाशी जुळला नाही तर खुर्च्या रिकाम्या राहतात. जून-जुलैत पेरणी आणि डवरणी असते, त्या दोन महिन्यांत लांबचा माणूस बोलावू नका. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं, त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी (लावणी) आणि नोव्हेंबरात धानकापणी. हे महिने बंद ठेवू नका, फक्त कार्यक्रम लहान करा. याउलट पोळ्यानंतरचे दिवस, जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी हे सर्वांत चांगले.

जागेसाठी पहिली पसंती सार्वजनिक वाचनालयाला द्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता आणि अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं आपल्या जिल्ह्यांत खूप आहेत. गावातलं ड वर्गाचं वाचनालय एका खोलीचं असलं तरी पंधरा माणसं सहज मावतात. ग्रंथपालांनाही उपक्रम हवेच असतात. वाचनालय नसेल तर जिल्हा परिषदेची शाळा, मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन. जागा ठरवताना एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: गावातल्या प्रत्येक मोहल्ल्यातला माणूस तिथे न संकोचता येईल का? काही देवळांत, काही समाजभवनांत, काही वाड्यांत सगळेच येत नाहीत, आणि न येण्याचं कारण कोणी बोलून दाखवत नाही. वाचनालय आणि शाळा यांचा हा मोठा फायदा आहे.

मंडळाची नोंदणी करावी का, हा प्रश्न नवखे लोक सुरुवातीलाच काढतात. संस्था नोंदणीला किमान सात सदस्य लागतात, घटना लागते, दरवर्षीचे हिशेब लागतात. महिन्याच्या कार्यक्रमासाठी याची काहीच गरज नाही. वर्षभर चालवून पाहा, मग ठरवा.

लिहिणारे पाहुणे कुठे मिळतात

पहिला पाहुणा नामांकित नको. नामांकित माणूस आला आणि समोर नऊच जण बसलेले असले की त्यालाही वाईट वाटतं आणि आपल्यालाही. पहिले तीन महिने तालुक्यातलीच माणसं बोलवा. मराठी शिकवणारे प्राध्यापक, वर्तमानपत्राचा तालुका प्रतिनिधी, कीर्तनकार. तालुक्याच्या छापखान्यात अक्षरजुळणी करणाराही बोलवा. पुस्तकाचा फर्मा म्हणजे काय, मुद्रितशोधन कसं करतात, पाचशे प्रतींना खर्च कशाकशाचा येतो, हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणी सांगत नाही.

त्यानंतर थोडं लांब पाहा. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांत आहेत. शाखेच्या पदाधिकाऱ्यांना विचारलं तर लिहिणाऱ्यांचे पत्ते मिळतात. संघाचं 'युगवाणी' हे नियतकालिक वाचलं तरी कोण कशावर लिहितं ते कळतं. अमरावती, नागपूर आणि गडचिरोली इथल्या विद्यापीठांना जोडलेल्या महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, रिद्धपूरला तर आता मराठी भाषा विद्यापीठच सुरू झालं आहे. नागपूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर या आकाशवाणी केंद्रांवर लेखन करणारी माणसं ऐकण्यासाठी लिहायचं कसं ते शिकवू शकतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून ज्याचं पहिलं पुस्तक निघालं असा कोणी जिल्ह्यात असेल तर त्याला नक्की आणा. हस्तलिखित कसं तयार केलं, कधी पाठवलं, काय दुरुस्त्या आल्या, हे सगळं त्याला ताजं आठवत असतं.

आणखी एक सोपा मार्ग आहे. गावातली शिकून पुण्या-मुंबईला गेलेली, तिथे लिहिणारी किंवा प्रकाशनात काम करणारी मुलं-मुली दिवाळीला आणि मे महिन्यात घरी येतात. प्रवासखर्च लागत नाही, आणि त्यांनाही गावानं आपल्याला काही विचारावं असं मनातून वाटत असतं.

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचा अभिजात मराठी भाषा सप्ताह या दिवसांत चांगले वक्ते मिळत नाहीत, सगळी महाविद्यालयं त्यांना बोलावत असतात. पण कोणी तुमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात येणारच असेल तर आधीच विचारा: "सर, दुपारी दोन तास आमच्याकडे बसाल का?" येण्याजाण्याचा खर्च तिकडून झालेला असतो.

झाडीपट्टीत तर नाटक लिहिणारा, करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. पण दिवाळीनंतर हंगामात रात्र-रात्र प्रयोग चालतात, या नाटकांचं मुख्य ठाणं असलेलं वडसा तर त्या काळात झोपतच नाही. म्हणून त्या नाटककाराला रोवणी आटोपल्यावर, सप्टेंबरात बोलवा. हजारो माणसांना पहाटेपर्यंत जागं ठेवणारा प्रवेश कसा लिहितात, हे त्याच्याकडून ऐकावं.

न लिहिणारे पाहुणे

माझ्या मते मंडळाचं खरं धन हे आहे, आणि नवी मंडळं इकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. वर्षातले निदान चार महिने लेखक नसलेल्या माणसांना द्या. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा. कोतवाल. पोस्टमन. आशाताई. वनरक्षक. बाजार समितीतला अडत्या. सालदार म्हणून आयुष्य काढलेला म्हातारा. ज्या जगाविषयी आपण कथा लिहितो, त्याची नेमकी माहिती यांच्याकडे असते. आपल्या कथेतला शेतकरी नुसता 'कापूस विकायला गेला' असं लिहिलेलं असतं. गाडी रांगेत किती वेळ उभी राहते, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसल्यावर तो कोणाच्या तोंडाकडे पाहतो, काट्यावरचा माणूस काय बोलतो, हे लिहिलं की ती कथा होऊ लागते.

या माणसांना "भाषण द्या" म्हणू नका. "मले काय समजते साहित्यातलं?" असंच उत्तर येईल, आणि ते बरोबर आहे. त्यांची मुलाखत घ्या. आपल्यातला एक जण नेमा, त्यानं आठवडाभर आधी त्यांच्या घरी जाऊन बसावं, चहा प्यावा आणि दहा-बारा प्रश्न तयार करावेत. प्रश्न लहान आणि हाताला लागतील असे हवेत. "तुमच्या जीवनाविषयी सांगा" याला काही उत्तर नसतं. "सकाळी जिनिंगचं फाटक उघडलं की पहिलं काय करता?", "सगळ्यात जास्त भांडण कशावरून होते?", "हंगाम संपल्यावर त्या आवारात काय उरते?" असं विचारलं की माणूस रंगतो. रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या, त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून-विचारूनच. मराठी गद्याची सुरुवात अशा विचारण्यातून आपल्याच भागात झालेली आहे.

बोलणाऱ्याची भाषा कोणी सुधारू नये, हे सदस्यांना आधीच बजावून ठेवा. मध्येच कोणी "म्हणजे शुद्ध मराठीत..." असं म्हणालं की तो माणूस आकसतो आणि पुढचा अर्धा तास मोजून-मापून बोलतो. अनोळखी शब्द आला तर लिहून ठेवा, शेवटी अर्थ विचारा.

सणांचा यात मोठा उपयोग होतो. पोळ्याच्या आठवड्यात झडत्या पाठ असणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलवा. तोरणाखाली, पोळा फुटण्याआधी म्हटल्या जाणाऱ्या या रचना म्हणजे यमक, टोला आणि गावाचं राजकारण एकाच ठिकाणी. ज्यांना वृत्त-छंद अवघड वाटतात त्यांनी त्या टाळी देत म्हणून पाहाव्यात. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी या महिन्यात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आज्या आणि काकू बोलवा. त्या महिन्याला बैठक वाचनालयात न घेता एखाद्या अंगणात घेतली तर बायांची संख्या एकदम वाढते. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायचा खेळही ठेवा, मुलं त्यासाठी येतात आणि गाणी घेऊन जातात.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, आणि कशासाठी ते सांगा. गाणं कोणी म्हटलं, ती कोणत्या गावची, तिनं कोणाकडून ऐकलं, हे वहीत लिहा. एक प्रत तिच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवा. तिच्या परवानगीशिवाय तो व्हिडिओ कुठेही टाकू नका.

पहिला फोन

लांबच्या पाहुण्याला दीड-दोन महिने आधी, तालुक्यातल्याला तीन आठवडे आधी फोन करा. मंडळातल्या एकाच व्यक्तीनं बोलावं. तीन जणांनी तीन वेळा सांगितलं की पाहुणा गोंधळतो. फोनवर होकार आला की त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा. असा:

"सर, सप्रेम नमस्कार. दुसऱ्या रविवारी दुपारी ३ वाजता सार्वजनिक वाचनालयात आपण येत आहात. समोर १२ ते १५ जण असतील, बहुतेक नव्यानं लिहिणारे. आपण ४० मिनिटं बोलावं, नंतर अर्धा तास प्रश्न. आमचा प्रश्न: कथेचा शेवट कुठे करायचा हे आपण कसं ठरवता? यवतमाळहून १२ ची गाडी सोयीची आहे, स्टँडवर आमचा माणूस असेल. प्रवासखर्च आणि ५०० रुपये मानधन आम्ही देऊ. जेवण आमच्याकडे. परतीची गाडी साडेपाचला आहे."

हा निरोप कोरडा वाटेल, पण पाहुण्याला नेमकं हेच हवं असतं. किती माणसं असतील ते खरं सांगा. पैशाचं तर नक्कीच सांगा, मोघम "पाहू सर" नको. आठवडाभर आधी आठवण करा, आणि त्या दिवशी सकाळी एकदा.

पैसा

पंधरा जणांनी महिन्याला ५० रुपये दिले तर ७५० होतात. एवढ्यात चहा-चिवडा आणि तालुक्यातला पाहुणा सहज बसतो. दर महिना लांबचा पाहुणा नसतोच, म्हणून त्या महिन्यांतलं उरलेलं पुढे कामी येतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या वर मोफत प्रवास आहे. तरी ज्येष्ठ पाहुण्याला खर्चाचं पाकीट द्यायला विसरू नका. घरापासून स्टँडपर्यंतच्या ऑटोलाच खूप पैसे जातात.

मजुरीवर जाणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणून बोलावलं तर त्याची त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. रविवारीही कामं असतात. त्याला शाल घालून फोटो काढायचा आणि रोज मात्र बुडवायचा, हे चालणार नाही. ज्यांच्या कष्टांवर आपण कविता करतो, त्यांच्या वेळेची किंमत आपण मोजलीच पाहिजे.

हार, बुके, शाल यांवर खर्च नको. पाहुण्याला एक पुस्तक द्या किंवा घरची तूरडाळ, हळद द्या. कापडी फलक एकच करा, त्यावर तारीख नको, म्हणजे वर्षानुवर्षं चालतो. पाहुण्याचं पुस्तक असेल तर मंडळानं एक प्रत विकत घेऊन वाचनालयात ठेवावी. लेखकाला फुकट प्रत मागू नये.

त्या दिवशी

मंच नको. सतरंजी किंवा खुर्च्या गोलात मांडा. पंधरा-वीस माणसांना माईक लागत नाही, आणि माईक नसला की वीज गेली तरी कार्यक्रम चालू राहतो. प्रास्ताविक तीन मिनिटांचं, तेही पाहुण्याच्या पदव्यांचं नको, आपण त्यांना का बोलावलं याचं हवं. मग चाळीस मिनिटं बोलणं, अर्धा तास प्रश्न, पुढे वीस मिनिटं सदस्यांचं वाचन. चहा प्रश्नांच्या आधी द्या. चहा पिताना लाजाळू माणूस शेजाऱ्याला आपला प्रश्न सांगतो, आणि शेजारी त्याला विचारायला भाग पाडतो. ज्यांना तरीही तोंड उघडून विचारणं जमत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या ठेवा. गाडगेबाबा कीर्तनात स्वतःच लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्या तोंडून उत्तर काढत. पाहुणा मोकळा असेल तर त्यालाही सांगा, "सर, तुम्हीही आम्हाला विचारा."

सदस्यांचं लिखाण पाहुण्यापुढे ठेवायचं असेल तर दोघांचंच, प्रत्येकी दोन पानं, आणि आठ दिवस आधी पाठवलेलं. ऐनवेळी हातात वही दिली की पाहुणा "छान आहे" म्हणून सुटतो. त्याला दोनच गोष्टी विचारा: वाचताना कुठे जीव रमला, आणि कुठे अडखळलात? नव्या माणसाचं लिखाण चारचौघांत फाडून काढणारे विद्वानही भेटतात. तिथे सूत्रसंचालकानं मध्ये पडून पुढचा प्रश्न घ्यावा. एकदा दुखावलेला नवा लेखक वर्षभर परत येत नाही.

गावातल्या पुढाऱ्यांचा प्रश्न येतोच. त्यांना श्रोते म्हणून आदरानं बोलवा, भाषण मात्र वर्षातून एकदा, वार्षिक कार्यक्रमाला ठेवा. आणि हा नियम सगळ्या पक्षांना सारखा लावा.

पाहुणा ऐनवेळी आला नाही तर बैठक मोडू नका. प्रत्येक महिन्याला एक राखीव कार्यक्रम तयार असू द्या: कोणा एकाचं लिखाण पूर्ण वाचून त्यावर सविस्तर बोलणं. रेंज चांगली असेल तर पाहुण्याला फोनवर घेऊन वीस मिनिटं प्रश्नही विचारता येतात.

नंतरचे पंधरा दिवस

नोंदवहीत तारीख, पाहुणा, हजर माणसं आणि चार-पाच मुद्दे लिहा. त्याच दिवशी पुढच्या बैठकीचं काम ठरवा, पाहुण्याच्या बोलण्याला धरून. अडत्याची मुलाखत झाली असेल तर 'बाजार समितीतलं एक बोलणं, वीस ओळींत, फक्त संवाद'. कथेच्या शेवटावर चर्चा झाली असेल तर स्वतःच्या जुन्या कथेचा शेवट नव्यानं लिहून आणणं. पुढच्या महिन्यातली पहिली वीस मिनिटं या वाचनासाठी राखून ठेवा, मगच नवा पाहुणा बोलेल.

त्यातलं एखादं चांगलं उतरलेलं पान पाहुण्याला पाठवा. आपल्या बोलण्यातून हे निघालं, हे त्यांना कळू द्या. अडत्याला किंवा आशाताईला मात्र पाठवू नका, त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवा. चूक असेल तर ते लगेच सांगतात: "असं नसते होत, आधी पट्टी फाडतात." ती दुरुस्ती करा.

मे महिन्यात वही घेऊन सगळे एकत्र बसा. कोणत्या पाहुण्यानंतर कोणी काय लिहिलं, एवढंच तपासा. ज्याच्यानंतर चार जणांनी लिहिलं त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा, मग तो कितीही साधा माणूस असो. या दुसऱ्या खेपेला प्रास्ताविक ठेवू नका. ती चार लिखाणं आधी त्याच्याकडे पोचवा आणि आला की तिथूनच सुरुवात करा.